नळाच्या वरच्या टोकाला

मँचेस्टरला आल्यावर पहिल्या आठवड्यात मला आवडलेली एकमेव गोष्ट म्हणजे नळाचं पाणी. साबणाला पटकन फेस येतो, चहा उतरतो चांगला आणि किटलीच्या तळाला पांढरा थर बसत नाही. लंडनमध्ये काही वर्षं काढून आलेला टीममधला एकजण तर दर दोन-चार दिवसांनी किटलीत डोकावून बघायचा आणि खूश व्हायचा. हे पाणी कुठून येतं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लेक डिस्ट्रिक्टमधून, कुठल्यातरी तलावातून." नळाच्या पाण्याबद्दल बहुतेक शहरी माणसांना एवढंच माहीत असतं. पुण्यात असताना मलाही खडकवासल्याच्या पलीकडे काय आहे, हे विचारल्यावर पानशेत-वरसगाव अशी नावं घेऊन मोकळं होता यायचं.

तो कुठलातरी तलाव म्हणजे हॉजवॉटर. शहराच्या उत्तरेला, कम्ब्रियाच्या डोंगरात. तिथून मँचेस्टरपर्यंत सुमारे ११० किलोमीटरचा बंद जलमार्ग येतो आणि वाटेत कुठेही पंप नाही. फक्त उतार. एवढ्या लांबीवर बोगदे आणि नळ असे बेतायचे की पाणी आपल्या वजनाने शहरापर्यंत चालत यावं, तेही संगणकाचा पत्ता नसताना, हे वाचून माझ्यातला इंजिनिअर काही दिवस हवेत होता. धरणही साधं नाही. आतून पोकळ टेकूंवर उभी असलेली अशा प्रकारची ही जगातली पहिली भिंत मानतात. ४४ तुकडे, ४७० मीटर लांबी. तिथे आधीपासून एक नैसर्गिक सरोवर होतं. भिंतीने त्याची पातळी २९ मीटरने वर आणली.

त्या २९ मीटरमध्ये मार्डेल ग्रीन नावाची वाडी होती.

वाडीच म्हणायला हवं, गाव म्हटलं तर थट्टा होईल. सरोवराच्या वरच्या टोकाला, तीन बाजूंनी डोंगर, मोजकी शेतघरं, दगडी कुंपणं, ओढ्यावर एक कमानीचा पूल, एक छोटं चर्च आणि डन बुल नावाचा पब. पबमध्ये वाटसरूंना मुक्कामाला खोल्या होत्या. दरवर्षी हिवाळा लागताना तिथे मेंढपाळांचा मेळा भरायचा. डोंगरावर कुंपण नसतं, त्यामुळे एकाची मेंढरं दुसऱ्याच्या कळपात जातात. ती खुणा बघून ज्याची त्याला परत द्यायची, हा मेळ्याचा मूळ उद्देश. पुढे त्यात खाणं, पिणं, गाणी, शर्यती असं सगळं आलं आणि मेळा दिवसेंदिवस चालायला लागला. आपल्याकडच्या जत्रेचं मूळ कारण जसं बऱ्याचदा देवापेक्षा बैलबाजारात सापडतं, तसंच.

वाडीला स्वतःचे राजेही होते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला किंग जॉनविरुद्धच्या कटात अडकलेला ह्यू होम नावाचा माणूस पळत या दरीत आला, राजा मेल्यावरही परत गेला नाही, आणि त्याच्या वंशजांना लोक 'मार्डेलचे राजे' म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. राज्य केवढं, तर डोळ्यांत मावेल एवढं. त्या घराण्यातला शेवटचा पुरुष १८८५ मध्ये वारला.

पण या वाडीबद्दल वाचताना मी अडकलो तो तिच्या मढ्यांपाशी. अठराव्या शतकापर्यंत मार्डेलच्या चर्चला स्वतःचं दफनाचं आवार नव्हतं. कोणी मेलं की प्रेत घोड्याच्या पाठीवर बांधायचं आणि डोंगर चढून पलीकडे शॅप गावात नेऊन पुरायचं. ती वाट अजून नकाशावर 'मढ्यांची वाट' अशाच अर्थाच्या नावाने आहे. शेवटचं प्रेत त्या वाटेने १७३६ मध्ये गेलं. त्यानंतर मार्डेलची माणसं मार्डेलच्याच मातीत. आपल्या माणसाला मेल्यावर तरी गाव सोडावं लागू नये, ही त्या लोकांची किती जुनी इच्छा असेल आणि ती पुरी झाली तेव्हा त्यांना केवढं समाधान झालं असेल! मग दोनशे वर्षं गेली आणि धरणाचं काम सुरू झाल्यावर चर्चच्या आवारातले ९७ मृतदेह उकरून काढले आणि पुन्हा शॅपलाच नेऊन पुरले.

मँचेस्टर महानगरपालिकेला हॉजवॉटर वापरायची परवानगी देणारा कायदा संसदेने १९१९ मध्ये केला. बांधकाम १९२९ मध्ये सुरू झालं. कामगारांसाठी भिंतीच्या जवळ बर्नबँक्स नावाची नवी वस्ती उभी राहिली (ती अजून आहे, म्हणजे एका वाडीच्या बदल्यात दरीला दुसरी मिळाली). ऑगस्ट १९३५ मध्ये चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. कार्लाइलचे बिशप आले होते. आत जेमतेम पाऊणशे माणसं मावायची आणि बाहेर उतारावर शेकडो जमलेली, म्हणून लाउडस्पीकर लावले होते. त्या चर्चच्या सगळ्या इतिहासात एवढी गर्दी कधी झाली नसेल. नंतर घरं पाडली, काही सैन्याच्या इंजिनिअर तुकडीने सुरुंगाच्या सरावासाठी उडवली. चर्चचे दगड आणि खिडक्या मात्र वाया घालवल्या नाहीत. सरोवराच्या काठावर जिथून पाणी बोगद्यात शिरतं, तिथल्या मनोऱ्यात त्या बसवल्या. म्हणजे माझ्या ग्लासातलं पाणी मार्डेलच्या चर्चच्या खिडक्यांखालून येतं. हे कळल्यावर एक-दोन दिवस पाणी पिताना विचित्र वाटलं. मग सवय झाली. सवय झाली याचंही नंतर विचित्र वाटलं.

आता प्रश्न असा की यात चूक कोणाची.

मी प्रामाणिकपणे मँचेस्टरला खलनायक करून बघितलं. जमलं नाही. एकोणिसाव्या शतकातलं मँचेस्टर म्हणजे कापसाच्या गिरण्या, तळघरांत राहणारी कुटुंबं, १८३२ आणि १८४९ चा कॉलरा. तिथल्या कामगारवस्त्यांबद्दल एंगेल्सने १८४५ मध्ये जे पुस्तक लिहिलं, ते आजही वाचवत नाही. या शहराने स्वच्छ पाण्यासाठी डोंगराकडे बघितलं, आधी जवळच्या लाँगडेनडेलच्या खोऱ्यात, मग थर्लमियर, मग हॉजवॉटर. हे कोणा सावकाराने नफ्यासाठी केलं नव्हतं, निवडून आलेल्या नगरसेवकांनी केलं होतं. लाखो माणसं एका बाजूला, मोजकी कुटुंबं दुसऱ्या बाजूला. मुलं जगणं एका बाजूला, एक पब, एक चर्च आणि मेंढरांचा मेळा दुसऱ्या. १९१९ मध्ये मी संसदेत असतो तर मत कुठे टाकलं असतं, हे मला माहीत आहे.

पण बारकाईने बघितलं की हिशेबात दोन-तीन जागा खटकतात. निवडून आलेले नगरसेवक खरे, पण त्यांना निवडणारे मतदार मँचेस्टरचे. मार्डेलच्या शेतकऱ्याचं नाव त्या यादीत नव्हतं. तो शेतकरीही बहुतेक जमिनीचा मालक नव्हता. दरीतली बरीच शेतं लाउदर घराण्याच्या मोठ्या इस्टेटीची, कसणारे कुळं. जमिनीची किंमत जमिनीच्या मालकाला मिळते. कुळाला काय मिळणार, दुसरीकडे शेत शोधायला मुदत. आणि डोंगरातल्या मेंढ्यांची गंमत अशी की त्या आपापल्या डोंगराला बांधलेल्या असतात. आईकडून कोकराला चरायची हद्द कळते. शेतकरी उठून दुसऱ्या दरीत जाऊ शकतो, कळपाचं ते शहाणपण नेता येत नाही. नुकसानभरपाईच्या कुठल्या रकान्यात ते लिहायचं?

दुसरं म्हणजे विरोध कोणाला करता आला. थर्लमियरच्या वेळी, १८७० च्या दशकात, केवढा गदारोळ झाला होता! जॉन रस्किनसारखा माणूस विरोधात होता. त्या लढ्यातल्या काही जणांनी पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट उभा केला, जो आज इंग्लंडमधल्या मोठ्या जमीनमालकांपैकी एक आहे. पण त्या लढ्याचा गाभा होता सौंदर्य. शहरातून येणाऱ्याला, कविता वाचणाऱ्याला दिसणारं सरोवराचं रूप बिघडू नये, हा. तिथे राहणाऱ्याची चूल त्या मांडणीत निसर्गचित्राचा भाग म्हणून येते. हॉजवॉटरच्या वेळी तसा आवाज उठला नाही. सुंदर गोष्ट वाचवायला मोठी माणसं पुढे येतात. साध्या गोष्टीच्या वाट्याला लाउडस्पीकरवरची शेवटची प्रार्थना येते.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६५ मध्ये एका निबंधात मांडलेला विचार मला इथे उपयोगी पडला. दोन कर्तव्यं समोरासमोर आली आणि आपण विचार करून त्यातलं एक निवडलं, तर आपल्याला वाटतं की दुसरं रद्द झालं. गणितात उत्तर चुकीचं ठरलं की आपण ते खोडतो, तसं. विल्यम्स म्हणतो की नीतीत तसं होत नाही. न पाळलेलं कर्तव्य खोडलं जात नाही, ते बाकी म्हणून उरतं. निर्णय बरोबर असला तरी उरतं. ज्याला ही बाकी जाणवतच नाही, त्याच्या तर्कात खोट नसेल, पण त्याच्याबद्दल आपल्याला शंका यावी.

याच विल्यम्सचं पुढच्या काळातलं प्रसिद्ध उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येतं. आपण सगळे त्याला समजावतो की तुझा दोष नाही, आणि ते खरंच असतं. तरी त्याने पटकन समजून घेतलं, खांदे उडवले आणि जेवायला बसला, तर आपल्याला ते बघवणार नाही. हे वाचल्यावर मी स्वतःला त्या ड्रायव्हरच्या जागी बसवायला गेलो. मी त्या जागी नाही. मी फार तर त्या ट्रकमधला प्रवासी, तोही नव्वद वर्षांनी चढलेला, दुसऱ्या देशातून आलेला, कौन्सिल टॅक्स आणि पाण्याचं बिल वेळेवर भरणारा. माझ्याकडे कोणती बाकी असणार?

असेल, असं मला वाटायला लागलं ते कामातल्या एका प्रसंगामुळे. मी पूर्वी होतो त्या ठिकाणी आम्ही एक जुनी प्रणाली बंद केली. वापरणारे चाळीसच्या आत. ती जिवंत ठेवायचा खर्च, सुरक्षेचा धोका, सगळं मांडून बघितलं होतं. तक्ता मीच केला होता. एका बाईंचा मेल आला की वीस वर्षांच्या नोंदी त्यांनी त्यात स्वतःच्या पद्धतीने लावल्या होत्या, नव्या प्रणालीत माहिती आली पण ती लावणी आली नाही. आम्ही त्यांना नम्र उत्तर पाठवलं. निर्णय आजही बरोबर वाटतो. त्या तक्त्यात 'वापरणारे' या रकान्यात अडतीस हा आकडा टाकताना मला काहीच वाटलं नव्हतं, हे मात्र आठवतं.

मँचेस्टरच्या उत्तरेला हीटन पार्कमध्ये या जलमार्गाचं १९५५ सालचं पंपघर आहे. त्याच्या भिंतीवर मित्झी कन्लिफ या शिल्पकर्तीने मोठं उठावशिल्प केलं आहे. (सिनेमाच्या बाफ्टा पुरस्काराचा मुखवटाही तिचाच.) त्यात नळ टाकणारे, ओढणारे कामगार आहेत, अंगाने दणकट, कामात गढलेले. मला ते शिल्प मनापासून आवडतं. ज्यांनी दिलं त्यांना भिंतीवर जागा द्यावी, ही किती चांगली कल्पना. सामान बांधून निघालेलं कुटुंब त्या भिंतीवर नाही. त्यांनीही दिलंच होतं.

आणि ज्याला दिलं तोही आता राहिलेला नाही. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या पाणीसंस्थांचं खासगीकरण झालं. 'सार्वजनिक हित' या शब्दावर रिकामी केलेली दरी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीकडे गेली. खासगीकरण चांगलं की वाईट, हा वाद मी इथे घालत नाही. त्यावर इथे कुठल्याही पबमध्ये तासभर ऐकायला मिळतं. मला एवढंच दिसतं की त्यागाची किंमत ज्या वचनावर ठरली होती, ते वचन नंतर बदललं आणि बदलताना शॅपच्या दफनभूमीत कोणी विचारायला गेलं नाही. इंग्लंडमध्ये नळात सोडलेल्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा गळतीत जातो. सगळे नळ काही थांबवता येत नाहीत, हे मान्य. तरी माझ्या रस्त्यावर फुटपाथच्या फटीतून चार दिवस पाणी वाहत होतं, तेव्हा मी ते ओलांडून जायचो. पाचव्या दिवशी फोन केला.

एका कोरड्या उन्हाळ्यात बातम्यांमध्ये मार्डेल वर आल्याचे फोटो आले. पाणी उतरलं की वाडी दिसते; १९८४ आणि १९९५ च्या दुष्काळातही दिसली होती. आम्ही चौघं गाडी काढून गेलो. रस्ता सरोवराच्या काठाकाठाने जातो आणि टोकाला संपतो, कारण पुढे जायला काही उरलेलंच नाही. गाड्यांची रांग एवढी की मैलभर आधी थांबावं लागलं. काठावरून खाली उतरलो. चिखल सुकून त्याच्या फरशा झाल्या होत्या. दगडी कुंपणांच्या भिंती कमरेएवढ्या, दोन्ही बाजूंनी, आणि त्यांच्यामधून जाणारी गल्ली. माणसं त्या गल्लीतून चालत होती. उजवी-डावी वळणं भिंती सांगतील तशी घेत होती, भिंतीवरून उडी मारून सरळ जाणं सोपं असूनही. पूल उभा होता. एक लहान मुलगी विचारत होती की इथली माणसं पोहत होती का. तिच्या बापाने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला.

मी एका घराच्या जोत्यापाशी थांबलो. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला होता. हातात मावेल असा एक दगड मी उचलला, खिशात घालायच्या बेताने. मग खाली ठेवला. जिथे होता तिथेच ठेवला की नाही, याची खात्री नाही.

फोटो मामाला पाठवले. आईचं माहेर करमाळा तालुक्यातलं. भीमेवर उजनीचं धरण झालं तेव्हा मामा विशीत होता. त्यांचं जुनं गाव बुडीतात गेलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. लहानपणी मी त्यासाठी हट्ट करायचो. मामा कधी आला नाही. कारण मी कधी विचारलं नाही. आता मात्र त्याने फोटो मोठे करून करून बघितले आणि व्हिडिओ कॉल केला. भिंती चुन्यातल्या की कोरड्या रचलेल्या, विचारलं. कोरड्या, म्हटलं. "चांगल्या रचल्यात. नव्वद वर्षं पाण्यात ऱ्हायल्या की."

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. मढ्यांची वाट, ९७ मृतदेह, शॅप.

"मेलेल्यांनाबी नेलं व्हय?"

"हो. एकूण एक."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. आमच्यात दहन, त्यामुळे न्यायला काही नव्हतं, असं काहीतरी मी बोलणार होतो, पण सुदैवाने बोललो नाही. मग तो म्हणाला, आमच्या म्हसोबाचा दगड तेवढा तुझ्या आज्याने बैलगाडीत घातला होता. नव्या गावठाणात मांडला. पण तिथे त्याला कोणी शेंदूर लावेना, कारण नव्या जागेचा म्हसोबा वेगळा होता.

"तुला कुठून पाणी येतं?" त्याने विचारलं.

"इथूनच."

"गोड हाय का?"

"आहे."

"मग झालं," असं म्हणून त्याने पुन्हा फोटो उघडला. तो पूल कुठल्या बाजूला जातो, पलीकडे काय होतं, असं विचारायला लागला. पलीकडे चर्च होतं, एवढं मला सांगता आलं. त्याच्या पुढचं घर कोणाचं, ते मला माहीत नव्हतं. मागे गाडीतले तिघं हॉर्न वाजवत होते आणि डोंगरावर ढग यायला लागले होते.